सिक्सलाइन तडीपार: नेरुळच्या चौफुटी टँकची नोंद

माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयासाठी आणलेला नवा मासा, फेअरी रॅस, क्वारंटाइनमधून बाहेर आला, मुख्य टँकमध्ये गेला आणि तासाभरात राडा सुरू झाला. नवीन मंडळींसाठी टँकची माहिती थोडक्यात: चार बाय दोन बाय दोन फूट, संप (टँकखालची फिल्टरची टाकी) धरून पाचशे लिटरच्या आसपास पाणी, खारेपणा विशिष्ट गुरुत्वात 1.025, पाणी थंड ठेवणारा चिलर 26 अंशांवर. फक्त मासे, कोरल म्हणजे प्रवाळ नाहीत. दगडी कोरल 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, त्यामुळे दुकानात कुणी हळू आवाजात 'हवंय का' विचारलं की मी पुढच्या काउंटरला जातो. कोरल नसल्याचा एक फायदा यावेळी झाला, तो खाली येईलच.

आतली वस्ती म्हणजे ओसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा, हिरव्या क्रोमिसचा उरलासुरला थवा आणि सिक्सलाइन रॅस. सिक्सलाइन बोटाएवढाच, पण कामाचा मासा आहे. फ्लॅटवर्म म्हणजे चपटे किडे आणि शिंपल्यांना चिकटणाऱ्या त्या बारीक पिरॅमिडेलिड गोगलगायी टिपून खातो. दिवसभर सोसायटीच्या सेक्रेटरीसारखा प्रत्येक फटीत डोकावत फिरतो. आणि त्या सगळ्या फटी आपल्याच नावावर आहेत अशी त्याची ठाम समजूत असते.

फेअरी पाण्यात तरंगणारं खातो, सिक्सलाइन दगडावरचं. म्हणजे खाण्यावरून भांडायचं खरं तर काही कारण नाही. पण अंगकाठी आणि पोहण्याची ढब सारखी, आणि खाऱ्या पाण्यातले मासे बहुतेक वेळा आपल्यासारख्या दिसणाऱ्यालाच आधी धरतात. ग्रामाच्या वाटेला सिक्सलाइन आता जातही नाही.

थोडीफार पळापळ मी मनावर घेत नाही. नवा मासा आला की जुना त्याला टँक फिरवून दाखवतोच. मी बघतो ते वेगळं: नवा मासा खायला पुढे येतो का, आणि हाकलल्यावर त्याला थांबायला जागा मिळते का. इथे दोन्ही नाही. सिक्सलाइन आडवा यायचा, पाठीचा पर ताठ करायचा, अंगाला बाक द्यायचा आणि मग सरळ शेपटीला. फेअरी ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी संपमध्ये उतरतं त्या) कोपऱ्यात, पृष्ठभागाला चिकटून, पर मिटून उभा. दुसऱ्या दिवशी शेपटीची वरची कड फाटलेली. पर स्वच्छ पाण्यात भरून येतो, त्याची चिंता नाही. पण उपाशी आणि भेदरलेल्या माशावर इच म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन हा परजीवी पटकन बसतो. आणि फेअरी हा उडी मारणारा मासा. वर जाळी नसती तर सकाळी तो फरशीवर मिळाला असता.

आधी काचेला बाहेरून आरसा लावला. टँग जातीच्या माशांच्या भांडणात आरशाचा उपयोग होतो हे मी स्वतः एका मित्राकडे ठाण्याला पाहिलंय. आमचा सिक्सलाइन आरशातल्या स्वतःशी थोडा वेळ भांडला, कंटाळला आणि परत फेअरीच्या मागे. मग भोकांचा अॅक्रिलिक बॉक्स आत टांगला आणि फेअरीला त्यात ठेवला. तिथे तो खायला लागला, हे फार बरं झालं. पण सिक्सलाइन बॉक्सभोवती घिरट्या घालतच राहिला. क्लाउन आणि क्रोमिस दोन दिवसांत त्या बॉक्सकडे बघेनासे झाले, हा मात्र नाही. बॉक्सबाबत माझं मत असं: दादागिरी करणाऱ्याचा रस कमी होताना दिसला तरच आतला मासा सोडावा, नाहीतर नुसती तारीख पुढे ढकलली जाते.

म्हणून फेअरीला राहू दिलं आणि सिक्सलाइनला तडीपार करायचं ठरवलं. जाळीने तो सापडणं शक्यच नव्हतं, हात आत गेला की तो दगडात. पाण्याच्या बाटलीचं तोंड कापून उलटं आत बसवलं, तळाला मायसिस (बारीक कोळंबीसारखं माशांचं खाणं) टाकला, बाटली त्याच्या नेहमीच्या कमानीजवळ आडवी ठेवली. पहिली गिऱ्हाईक क्लाउनची मादी. तिला बाहेर काढलं, ती परत आत. आई शेजारी उभी राहून म्हणाली, "ज्याला पकडायचाय तो बाहेर, आणि ही बाई आत बसून जेवतेय." शेवटी मायसिसऐवजी तिसरीचा, म्हणजे शिंपल्यातल्या मांसाचा तुकडा ठेवला. सिक्सलाइन तोंडाशी आला, एक डोळा आत, एक डोळा माझ्यावर, मागे सरला, परत आला. असं बराच वेळ. मग एका झटक्यात आत, आणि मी बाटली उचलली.

तिसऱ्या आणि करंदी मी बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातून आणतो. आधी फ्रीझरमध्ये गोठवून मगच टँकमध्ये टाकतो, ताजं थेट कधीच नाही. फ्रीझरमधल्या त्या डब्यावरून घरी जे बोललं जातं ते इथे लिहीत नाही.

सिक्सलाइन आठवडाभर संपमध्ये होता, पाणी परत वर चढवणाऱ्या रिटर्न पंपाच्या कप्प्याला जाळी लावून. तेवढ्यात मी वर दगडांची रचना पूर्ण बदलली. कोरल चिकटवलेले नसल्याने हे तासाभराचं काम होतं. डावीकडची कमान मोडली, दोन वेगळे ढीग केले, मध्ये मोकळी जागा ठेवली आणि ते असे रचले की एका ढिगावरून दुसरा सरळ दिसत नाही. फेअरी पहिल्याच दिवशी मोकळ्यावर आला, दिवसातून तीन वेळा खायला लागला. मग सगळ्यांना पोटभर घालून, दिवे बंद करून सिक्सलाइनला परत सोडला. आता नवखा तो होता. सकाळी एकदोनदा अंगावर गेला, पण फेअरी कोपऱ्यात न जाता मोकळ्या पाण्यात वर निघून गेला आणि प्रकरण तिथेच थांबलं. अजूनही दिवे मंदावताना, झोपायच्या फटी ठरवायच्या वेळी सिक्सलाइन पर ताठ करतो. तेवढं चालायचंच.

क्रोमिसचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ते आपसातच एकेक कमी करत जातात. क्लाउनचं बरं असतं, त्यांची उतरंड पक्की. पीटर बस्टन यांनी 2003 साली 'नेचर'मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या पर्क्युला क्लाउनबद्दल लिहिलं होतं की खालच्या क्रमांकाचा मासा स्वतःची वाढच आवरतो, म्हणजे वरच्याला तो आव्हान वाटत नाही. आमचा नर मादीच्या जेमतेम पाऊण आहे आणि ती जवळ आली की थरथरून दाखवतो. काच पुसताना ती माझ्या हाताला चावते ते वेगळं.

पुढे एक कोले टँग घ्यायचा विचार आहे, सगळ्यात शेवटी. दुकानदार पावडर ब्लू दाखवत होता. मासा देखणा, पण चार फुटांत तो बाकी कुणाला जगू देणार नाही. टँग येईपर्यंत अॅक्रिलिक बॉक्स रिकामाच पडून आहे. नेरुळ-वाशी भागात कुणाला नवा मासा सोडायचा असेल तर घेऊन जा, फक्त गोड्या पाण्याने धुऊन परत द्या.