नागपूरहून किन्नौर, घरच्या गाडीने

नोव्हेंबरच्या शेवटी घरच्या गाडीने हिमाचलमधल्या किन्नौरला जायचं ठरलं, तेव्हा गाडीत आम्ही सहा जण असणार होतो. सासरे, म्हणजे बाबा, पंचाहत्तरीला टेकलेले, सासूबाईंना, म्हणजे आईंना, बीपीची गोळी, नववीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि आळीपाळीने चालवणारे आम्ही नवरा-बायको. बाबांचा पहिला प्रश्न सरळ होता, "थंडीत लोक पहाडावरून खाली येतात, तुम्ही वर काऊन जाऊन राहिले?"

त्यांच्या मनात २०२१ चा ऑगस्ट होता. किन्नौरमधल्या निगुलसारीजवळ दरड कोसळून बससकट गाड्या गाडल्या गेल्या, २८ माणसं गेली. ती दृश्यं त्यांनी टीव्हीवर पाहिली होती. म्हणूनच मी ही वेळ निवडली होती. पावसाळ्यात भिजून सैल झालेला डोंगर नोव्हेंबरपर्यंत बराच वाळतो, आकाश स्वच्छ असतं, आणि मोठा बर्फ बहुधा डिसेंबरच्या मध्यानंतर येतो. दिवाळीची गर्दी ओसरलेली असते, नाताळची सुरू व्हायची असते. या दोन्हींमधल्या फटीत आम्हाला जाऊन यायचं होतं. शाळेतून रजा मिळवायला दोन अर्ज लागले, तेवढंच.

तयारी करताना माझ्या लक्षात आलं, की हिवाळ्यातल्या डोंगरासाठी अंतराचा हिशेब फारसा कामाचा नाही, हिशेब उजेडाचा करायचा. शिमल्याकडे नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत मावळतो. सतलजच्या दरीत तर ऊन त्याच्या कितीतरी आधी डोंगराआड जातं. सकाळी रस्त्यावर पाला गोठलेला, म्हणून नऊच्या आधी निघायचं नाही. संध्याकाळी चारनंतर घाटात राहायचं नाही. राहिले सात तास. त्यातून जेवण, चहा, आईंचे थांबे आणि पोरांच्या उलट्या वजा करा. मैदानात आम्ही ताशी पासष्ट-सत्तरचा हिशेब धरतो, घाटात मी पंचवीसचा धरला. शिमला ते कल्पा, म्हणजे किन्नौरमधलं आमचं शेवटच्या मुक्कामाचं गाव, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. फोनवरचा नकाशा ते एका दिवसात दाखवतो. माझ्या वहीत ते तीन तुकड्यांत आलं: शिमला ते नारकंडा, नारकंडा ते सराहन, सराहन ते कल्पा.

हे तुकडे आईंच्या तब्येतीलाही सोयीचे निघाले. शिमला सुमारे २,२०० मीटरवर, नारकंडा २,७०० च्या घरात, सराहन पुन्हा २,१०० च्या वर, आणि कल्पा २,९६० मीटर. म्हणजे चढायचं, एक मुक्काम खाली उतरायचं, मग पुन्हा चढायचं. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होऊ शकतो, आणि एकदम चढलं की जास्त होतो. डॉक्टरांनी वहीतला तो उंचीचा तक्ता पाहिला आणि मान डोलावली. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, म्हणून जायच्या आधी पंधरवडाभर रोज मोजून लिहून ठेवा, मशीन सोबत न्या, आणि गोळ्या दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवा, असं त्यांनी सांगितलं. एक बॅग हरवली तरी गोळी चुकू नये. ही दोन बॅगांची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली.

नागपूरचं एक सुख आहे. झिरो माइलच्या गावातून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो, श्रीनगरला जाणारा तोच. मनसर सोडलं की पेंचच्या जंगलात रस्ता उंचावरून जातो आणि खालून वाघ-हरणांची ये-जा राहते. मुलाला मी ते आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे खवासा येईपर्यंत तो खिडकीला नाक लावून बसला. पहिला मुक्काम सागर, दुसरा आग्रा. खरा पेच दिल्लीचा होता. आमची गाडी २०१८ ची, डिझेल, बीएस-४ म्हणजे धुराच्या जुन्या मानकाची. हिवाळ्यात हवा बिघडली की वायू गुणवत्ता आयोग टप्प्याटप्प्याने निर्बंध लावतो. तिसऱ्या टप्प्यात बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल चारचाकींना दिल्लीबरोबरच गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतमबुद्ध नगर या जिल्ह्यांतही मनाई होते. टप्पा कधी लागेल हे आदल्या दिवशीपर्यंत कळत नाही. तेव्हा दिल्ली मुळातच वगळली. आग्र्याहून अलीगढ, बुलंदशहर, हापूड, मेरठ, शामली आणि कर्नाल. ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्यांनी वेळ खाल्ला खरा, पण सकाळी उठून बातम्या बघायची धास्ती राहिली नाही. डिझेल गाडीवाल्यांनी हा विचार निघायच्या महिनाभर आधी करावा.

गाडीच्या तयारीत सगळ्यात जास्त जीव आमच्या ओळखीच्या मेकॅनिक भाऊंनी ओतला. त्यांनी बॉनेट उघडून कूलंटची बाटली उजेडात धरली. हिरवा रंग पार फिका पडला होता, धुतलेल्या पानाच्या डब्यातल्या पाण्यासारखा. "ताई, नागपुरात गाडी तापते म्हणून सगळेच वरून साधं पाणी टाकत राहतात. इथं चालून जाते. तिकडं रात्री तेच पाणी गोठलं की फुगते, आन् रेडिएटर नाहीतर ब्लॉक फाडते." पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, हे मुलीने लगेच विज्ञानाच्या पुस्तकातून सांगितलं. भाऊंनी सगळी सिस्टीम रिकामी करून धुतली आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं. तेवढं मिश्रण उणे तीसच्याही खाली टिकतं. काचेच्या वायपरच्या टाकीतलं साधं पाणीही काढून न गोठणारं भरलं.

बॅटरी चार वर्षांची होती, ती बदलली. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि इंजिन ऑइल घट्ट होतं, म्हणजे जोर जास्त लागतो त्याच वेळी बॅटरी कमी देते. टायरची नक्षी त्यांनी नाण्याने मोजून दाखवली. मागचे दोन ठीक होते, पुढचे दोन बदलले. हवेबद्दल त्यांचं सांगणं असं, की नागपूरच्या दुपारी भरलेली हवा थंडीत कमी दाखवेल, त्यामुळे शिमल्यात सकाळी थंड टायरवर पुन्हा मोजा. तसंच झालं, चार पीएसआय कमी निघाली.

डिझेलचं मला ठाऊक नव्हतं, ते त्यांनीच समजावलं. डिझेलमध्ये मेण असतं, कडक थंडीत त्याचे कण होतात आणि फिल्टरमध्ये अडकतात. थंडीच्या दिवसांत पहाडाकडच्या पंपांवर मिळणारं डिझेल त्या मानाने ठीक असतं, म्हणून नागपूरची टाकी वरपर्यंत नेऊ नका. आम्ही सोलनला भरलं, मग रामपूरला. शेवटची सूचना लाकडी गुटक्यांची. रात्री हँडब्रेक ओढून ठेवला तर ओल गोठून तो चिकटू शकतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली गुटका लावायचा. ते दोन गुटके त्यांनी स्वतः कापून दिले, पैसे घेतले नाहीत.

घाटाची तालीम आम्ही जवळच केली. एका रविवारी सगळ्यांना घेऊन सौंसर, सिल्लेवानी घाट, छिंदवाडा आणि पुढे तामियापर्यंत गेलो. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा नाही, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे सगळं दोघांनीही करून पाहिलं. पण त्या दिवसाचा खरा उपयोग मागच्या सीटवरच्यांसाठी झाला. मुलगी फोनमध्ये बघत बसली की तिसऱ्या वळणाला तिला मळमळतं, बाहेर दूर बघत राहिली की काही होत नाही. आईंना दीड तासाने उतरावंच लागतं, आणि त्या ते सांगत नाहीत, नुसत्या गप्प होतात. बाबांना मधली सीट नको, गुडघा आखडतो. पातालकोटच्या कड्यावर उभं राहून खाली दरीतली गावं बघताना बाबाच म्हणाले, "चाला, हे जमते मले." तिथून पुढे त्यांनी काऊन विचारलं नाही. प्रत्येक दीड तासाचा थांबा वहीत गावाच्या नावासकट लिहिला गेला.

कपड्यांचं फार लिहीत नाही. दर हिवाळ्यात नागपुरात तिबेटी लोक स्वेटरचा बाजार मांडतात, तिथल्या एका मावशींनी एका जाड जॅकेटऐवजी तीन पातळ थर घ्यायला लावले, आणि आईंना लोकरीचे मोजे दोन जोड. ते अगदी बरोबर होतं. कळमन्याहून संत्र्यांची पेटी घेतली. घाटात पोरांना तोंडात फोड देता आली, आणि मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाकघरातल्या लोकांना दिली तर ते किती खूश झाले.

खोल्या ठरवताना भावापेक्षा तीन गोष्टी फोनवर विचारल्या: पाइप गोठले तर पाणी कसं देता, वीज गेली तर हीटरचं काय, आणि गाडी दारापर्यंत येते का. एका ठिकाणी तिन्हींना "हो जाएगा" असं उत्तर आलं, ते सोडून दिलं. दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने सांगितलं, सकाळी नळ उघडू नका, आम्ही बादलीने गरम पाणी आणतो. तिथे लगेच पैसे भरले. सरकारी पर्यटन महामंडळाची हॉटेलं नारकंडा, सराहन, कल्पा तिन्हीकडे आहेत, वडीलधारे सोबत असतील तर तिथे विचारावं. किन्नौरमधल्याच छितकुल गावाचा मोह मुलीला फार होता. पण थंडी वाढली की तिथली बरीच हॉटेलं बंद होतात, तिथले कितीतरी लोक खाली उतरतात. करछमहून आत वळून अंधाराच्या आधी परतायचं गणित आमच्या सात तासांत बसत नव्हतं. ते गाळलं.

आणि एक पान "नाही जमलं तर" असं होतं. हिवाळ्यात पश्चिमेकडून वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे ओल आणणाऱ्या हवेच्या लाटा, येतात, त्यांनीच वर बर्फ पडतो. हवामान खात्याचं शिमला केंद्र जिल्ह्यावार पिवळा, नारिंगी, लाल इशारा देतं. आम्ही आधीच ठरवलं: किन्नौरला पिवळा असेल तर सराहनलाच एक दिवस वाढवायचा, नारिंगी असेल तर कल्पा सोडून रामपूरमार्गे खाली यायचं, आणि यावर गाडीत चर्चा करायची नाही. सराहनच्या दोन्ही रात्रींची खोली त्यासाठीच, रद्द करता येईल अशी घेतली होती.

ते पान लागलं. सराहनला पोहोचलो त्या संध्याकाळी पिवळा इशारा आला. दुसरा दिवस भीमाकालीच्या देवळात गेला, दगड आणि लाकडाच्या थरांनी बांधलेल्या त्या उंच मनोऱ्यांच्या अंगणात आई दुपारभर उन्हात बसल्या. वरच्या शिखरांवर पांढरं झालं, रस्त्यावर काही पडलं नाही. तिसऱ्या सकाळी नऊ वाजता निघालो. ज्यूरीकडे उतरताना एका वळणावर, जिथे ऊन पोहोचलंच नव्हतं, रस्ता नुसता ओला दिसत होता. नवरा चालवत होता. पुढच्या टेम्पोवाल्याने हात बाहेर काढून हळू हळू अशी खूण केली. ते पाणी नव्हतं, काचेसारखा पातळ बर्फ होता. दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक न लावता, स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी चालत्या माणसाच्या वेगाने पार नेली. तरांड्याजवळ डोंगराचा दगड छतासारखा रस्त्यावर आला आहे, तिथे फोटोसाठी थांबलो नाही. रात्री फटींत गोठलेलं पाणी ऊन लागलं की सुटतं आणि त्याबरोबर दगड सुटतात, हे आम्हाला रामपूरच्या पंपावरच्या माणसाने सांगितलं होतं. वांगटू, करछम, पोवारी करत तीनच्या आधी कल्पाला होतो. समोर ६,०५० मीटरचा किन्नर कैलास पूर्ण उघडा होता. बाबांनी चप्पल काढून हात जोडले, आणि मग थंडी लागली म्हणून लगेच बूट मागितले.

आता माझा दीर मार्चआधी मनालीला जायचं म्हणतोय. वही त्याच्याकडे दिली आहे. त्यात त्याच्यासाठी नवीन लिहिलं ते एवढंच: अटल बोगदा ९ किलोमीटरचा असला तरी बर्फ पडल्यावर सोलंगपासून पुढे पोलीस फोर-बाय-फोर किंवा चाकाला साखळी असलेल्या गाड्याच सोडतात, तेव्हा आधी पोलिसांची सूचना बघ. साखळी आपल्या टायरच्या मापाची नागपुरातच घेऊन अंगणात दोनदा चढवून बघ. आणि आईंना नेणार असशील तर त्या गप्प झाल्या की गाडी थांबव.