बिल्ल्याची मागची बाजू आधी दाखवा

‘आजोबांच्या पेटीत हा पितळी बिल्ला सापडला, कुठल्या पलटणीचा ते कसं ओळखायचं?’ असं नाशिककर मला नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली विनंती, तो चिंच-मीठ लावून घासू नका. खाचांतला काळपटपणा आणि उंचवट्यांवरची झीज ही तो अंगावर वापरला गेल्याची खूण असते, आणि ती एकदा गेली की परत येत नाही.

मग मुकुट पाहा. १९०१ नंतरच्या इंग्रज राजांच्या मुकुटाच्या कमानी वर गोलसर फुगलेल्या असतात. १९५३ पासून एलिझाबेथ राणीच्या मुकुटाच्या कमानी मधोमध दबल्या. भारतात २६ जानेवारी १९५० पासून मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले.

आकडा असेल तर मला फार आनंद होतो. ‘११०’ आणि मराठा लाइट इन्फन्ट्री (म्हणजे हलकं पायदळ) एकत्र दिसले, तर काळ १९०३ ते १९२२ मध्ये येऊन बसतो. १९०३ मध्ये पलटणींना नवे आकडे मिळाले, आणि १९२२ मध्ये जुन्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री उभी राहिली. ही ११० वी पलटण पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत शहराच्या वेढ्यात होती. एका आकड्यातून घरच्या माणसाचा रस्ता तिथवर जाऊ शकतो. नुसता बिगुल असेल तर घाई नको. तो इंग्लंडच्या लाइट इन्फन्ट्री पलटणींचाही असतो.

आता मागची बाजू. साच्यात दाबलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर पुढच्या चित्राचा खोलगट उलटा ठसा उमटतो. ओतीव बिल्ल्याची पाठ बहुधा सपाट आणि खरबरीत असते. ओतीव म्हणजे नकली, असं संग्राहक पटकन म्हणतात. मला ते मान्य नाही. हिंदुस्थानातल्या पलटणी इथल्या कारागिरांकडूनही बिल्ले ओतवून घेत, आणि ते शिपायांनी खरोखर वापरले. नव्याने केलेल्या नकला पुष्कळ आहेत हेही खरं, म्हणून कडा, झीज आणि बिल्ला अडकवायच्या मागच्या कड्या किंवा पट्टी एकत्र पाहूनच मी काही बोलते.

नाशिकच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. देवळालीची छावणी हा इंग्रज फौजेचा मुक्काम होता. विलायतेहून आलेले आणि तिकडे परतणारे गोरे शिपाई तिथे थांबत. त्यामुळे इथल्या भंगारात दूरच्या इंग्रज पलटणींचे बिल्ले निघाले तर नवल नाही. बिल्ल्यावरून पलटण कळते, काळ कळतो. तो कुणी घातला हे मात्र कळत नाही. त्यासाठी आजोबांचा डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक, गणवेशातला फोटो शोधा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा, पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.

मला फोटो पाठवाल तेव्हा दोन्ही बाजूंचे पाठवा, शेजारी मोजपट्टी ठेवून.