अप्पांच्या पद्मिनीचं वायरिंग

शनिवार, रात्र

आज अप्पांच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं जुनं वायरिंग सगळं बाहेर काढलं. बॅटरीची निगेटिव्ह सोडली, मग डॅशबोर्ड, मग इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातला रबरी ग्रोमेट जो इतका कडक झालेला की कापूनच काढावा लागला, आणि शेवटी डिकीपर्यंत गेलेली लाईन. पार्किंगमध्ये चादर अंथरून गाडीत होतं तसंच मांडलं, पुढच्या दिव्यांची टोकं भिंतीकडे, मागच्यांची लिफ्टकडे. काढायच्या आधी प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावली, फोटो काढले. हे काम कुणी हातात घेणार असेल तर कळकळीने सांगते, चिठ्ठी लावल्याशिवाय एकही वायर सोडू नका, रंगावर तर अजिबात विसंबू नका, कारण चाळीस वर्षांत सगळे रंग एकाच मळकट तपकिरीवर येतात.

गाडी ८४ ची, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. अप्पा खुर्ची टाकून बसले होते आणि मी एकेक वायर उचलली की ती कुठून आली ते सांगत होते. ही जाड लाल घरातली वायर हॉर्नची, गणपतीला कोकणात जाताना पनवेलच्या पुढे हॉर्न बंद पडला तेव्हा टाकलेली. ही पिवळी कॅसेट प्लेअरची, प्लेअर कधीच गेला, वायर तशीच लटकत राहिली, तीही थेट बॅटरीवरून, मध्ये फ्यूज नाही. ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांनी त्या वेळची अडचण सोडवली आणि गाडी घरी पोचवली, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच आहे. पण कुणीच कुठे काही लिहून ठेवलं नाही. फ्यूजबॉक्समध्ये एका फ्यूजला सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली निघाली, ते बघून मात्र पोटात गोळा आला, कारण फ्यूज वितळत नाही म्हटल्यावर पुढची वायर वितळते, आणि ती वायर नेमकी कार्पेटखालून जात होती.

डॅशबोर्डखालचा एक जोड मुद्दाम सावकाश उलगडला. वर काळी टेप, तिचा गोंद पाघळून चिकट झालेला, आत पिळा मारलेली तीन टोकं आणि त्यावर हिरवी पूड. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आमटी कळकते ना, तेच इथे तांब्याचं झालेलं, मुंबईची खारी दमट हवा आणि इतके पावसाळे. ब्लेडने प्लॅस्टिक सोलत गेले, वीतभर मागे गेले तरी आतलं तांबं काळंच. ओल तारांच्या बारीक फटींतून प्लॅस्टिकच्या आत वर चढत जाते, बाहेरून वायर अगदी ठणठणीत दिसते. अशा तांब्यावर नवीन थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपी, दाबून काही उपयोग नाही. तिथेच ठरवलं की डागडुजी नको, सगळंच नवीन.

रविवार

काढण्याआधी घेतलेली मोजमापं आज नीट वहीत उतरवली. इंजिन बंद, हेडलाईट चालू, बॅटरीच्या टोकांवर १२.३ व्होल्ट आणि दिव्याच्या टोकांवर १०.४. म्हणजे मधली जवळजवळ दोन व्होल्ट रस्त्यातच गडप. हॅलोजन बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो, इथे तर त्याहून जास्त गळती. अप्पा वर्षानुवर्षं म्हणायचे की आता रात्री दिसत नाही, डोळे गेले, आणि आम्ही घरच्यांनी त्यांना रात्रीची गाडी चालवायला बंदीच केली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांना करावं लागलंच, पण थोडा दोष या वायरींचाही होता आणि ते आज मी त्यांना आकडे दाखवून सांगितलं तर कितीतरी वेळ वही हातात धरून बसले.

नवीन वायरिंगमध्ये म्हणून हेडलाईटला रिले टाकणार, म्हणजे थोड्याशा करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, अप्परला एक, डिपरला एक. ६० वॉटचे दोन बल्ब म्हणजे १० अँपिअर, तो सगळा करंट आत्तापर्यंत स्टिअरिंगखालच्या चिमुकल्या स्विचमधून जात होता. रिले लावला की स्विचमधून फक्त कॉईलपुरता, अर्ध्या अँपिअरहूनही कमी, आणि मुख्य करंट बॅटरीकडून फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या पायावर येऊन ८७ वरून थेट दिव्याला. ८५ आणि ८६ कॉईलचे. हे नंबर जर्मन डीआयएन पद्धतीचे, आपल्याकडे कुठलाही साधा रिले घ्या, पायांशी हेच आकडे कोरलेले असतात.

वायर आणायला ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात गेले होते, मल्टिमीटरची पिनं आणि स्लीव्ह लॅमिंग्टन रोडवरून. गाडीचीच वायर घेतली, बारीक बारीक तारांची, घरातली अजिबात नाही, घरातल्या वायरीला इतकी थरथर, तेल आणि इंजिनची उष्णता सोसायची नसते. मूळ रंगाची प्रत्येक वायर मिळाली नाही, दुरंगी पट्ट्यांच्या तर फारच थोड्या. जिथे रंग जुळला नाही तिथे दोन्ही टोकांना नंबराची स्लीव्ह. दुकानदार म्हणाले आता पद्मिनीचं विचारायला कोण येतं, टॅक्सीवाले होते तोवर रोजची गिऱ्हाइकं. खरंय, ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनीची काळी-पिवळी मुंबईच्या रस्त्यावर नाही, शेवटची तारदेव आरटीओला २००३ मध्ये नोंदलेली आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्या टॅक्स्यांच्या जिवावर हा बाजार आणि हे वायरमन टिकून होते, हे मला काम सुरू केल्यावर समजायला लागलं.

पुढचा शनिवार

परळहून वायरमन काका आले. हयात टॅक्स्यांत गेलेली. थिंबल नुसती दाबायची की कथलाचा डाग द्यायचा यावर आमची चांगलीच जुंपली. माझं म्हणणं की कथील तारांमध्ये वर शोषलं जातं, तिथे वायर ताठ होते आणि थरथरीने नेमकी त्या हद्दीवर तुटते. काका म्हणाले, "बाळा, पुस्तकात बरोबर आहे, पण नुसती दाबलेली थिंबल आपल्या पावसात हिरवी पडते, मी किती बदलल्यात विचार." दोघांचंही खरं होतं. शेवटी चांगल्या चिमट्याने घट्ट दाबायची आणि वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, गरम केली की गोंद वितळून कडेने बाहेर येतो आणि पाण्याची वाटच बंद. काकांनी एक जोड हातात घेऊन ओढून, वाकवून, नखाने टोकरून पाहिला आणि म्हणाले चालेल. त्यांच्या तोंडून चालेल म्हणजे मला खूप झालं.

अर्थिंगचं सगळं त्यांनी स्वतः केलं. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणायचा, आणि आधीच्या एका गॅरेजवाल्याने त्यासाठी ब्रेकचा स्विच बदलून दिला होता, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. दिव्याची अर्थ गंजलेली असली की करंट परतीची वाट शेजारच्या बल्बमधून शोधतो, एवढंच होतं ते. काकांनी रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि वर व्हॅसलिन फासलं.

संध्याकाळी डायनमोचा, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, विषय निघाला. सगळे सांगतात त्याच कामाचा नवा प्रकार, अल्टरनेटर, टाक, सिग्नलला उभं असताना डायनमो चार्ज देत नाही, दिवे मंदावतात, लाल दिवा लुकलुकतो. हे सगळं मान्य. पण त्या लाल दिव्याचं काम मला फार आवडतं, त्याच्या एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला डायनमो, दोन्हीकडचं व्होल्टेज सारखं झालं की करंटला वाहायला कारणच उरत नाही आणि दिवा विझतो. अल्टरनेटर लावला तर तोच दिवा चार्जिंग सुरू करून द्यायच्या कामाला लागतो, बल्ब उडाला तर चार्जिंगच सुरू होत नाही असंही होतं. डायनमो काकांनी उघडून पाहिला, कम्युटेटर साफ आहे, ब्रश नवीन घालू. रिलेमुळे दिव्यांचा उजेड सुधारणारच आहे आणि गाडी फिरणार रविवारी सकाळी. डायनमोच ठेवायचा ठरलं, आणि डायनमो बॅटरीला आपोआप जोडणारा-तोडणारा जुना कटआऊटही. अप्पा म्हणाले, "कटआऊटचे पॉइंट मी घासतो, पॉलिश पेपर आण." परत जोडताना डायनमोच्या फील्डच्या टोकाला बॅटरीची वायर क्षणभर टेकवून पोलॅरिटी द्यायची आहे, ते वहीत लाल पेनाने लिहिलं.

नकाशाचं पान पूर्ण झालं, वायरचा रंग, जाडी, फ्यूज, कुठून कुठे, सगळं मराठीत. उद्या लॅमिनेट करून एक प्रत ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून लावणार, एक काकांना देणार, त्यांनी मागितली आहे. वायपरचा स्विच अजून मिळालेला नाही, सोमवारी सीएसटी रोडला भंगारवाल्यांकडे बघते.