गाणी फोनवर न्यायची म्हणजे आधी घर आवरायचं

नवा फोन घेतला आणि जुन्यातलं मेमरी कार्ड हातात उरलं. नव्याला कार्डाची खाचच नाही. इतकी वर्षं माझी पद्धत सोपी होती: कार्ड काढा, संगणकाला लावा, गाणी ओता, परत घाला. तो रस्ता बंद झाला.

लेकीचं म्हणणं, "आई, अ‍ॅपवर सगळं असतं, कशाला एवढा खटाटोप?" सगळं नसतं. माझ्या ४६ जीबीच्या साठ्यात मी स्वतः बसून उतरवलेल्या ९५ सीडी आहेत, कॅसेटवरून घेतलेलं बरंच आहे, आणि त्यातलं काही कुठल्याही अ‍ॅपवर सापडत नाही. शिवाय मी निवडलेला क्रम माझा आहे. असो, हा वाद आमच्याकडे जुना आहे.

पहिल्यांदा वायर लावली. फोन चार्ज व्हायला लागला, संगणकावर मात्र काहीच दिसेना. अर्धा तास सेटिंग्ज धुंडाळल्यावर कळलं की ती वायर फक्त चार्जिंगची. माहिती वाहून नेणाऱ्या तारा तिच्यात नसतातच. दुसरी वायर लावली, फोन दिसला, गाणी ओढून टाकली आणि 'उरलेला वेळ मोजत आहे' या वाक्याकडे बघत बसले. वायरीने जोडलेला अँड्रॉइड फोन पेन ड्राइव्हसारखा उघडत नाही. मधे एमटीपी नावाचा दुभाषा असतो आणि तो एका वेळी एकच काम घेतो. हजारो छोट्या फायली म्हटल्यावर त्याची दमछाक होते. माझी कॉपी अर्ध्यावर तुटली, आणि कुठली गाणी गेली नि कुठली राहिली याचा पत्ता नाही.

मग सिंकथिंग घातलं, म्हणजे दोन यंत्रांवरचा फोल्डर सारखा ठेवणारा प्रोग्राम. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि गाणी तिसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर साठवावी लागत नाहीत. संगणक आणि फोन एकमेकांशीच बोलतात. फोनवरच्या मूळ अ‍ॅपचं काम २०२४च्या डिसेंबरात थांबलं, म्हणून मी सिंकथिंग-फोर्क, म्हणजे त्याचीच इतरांनी चालवलेली आवृत्ती घेतली. संगणकावरचा क्यूआर कोड फोनने टिपला, गाण्यांचा फोल्डर निवडला, झालं. मधेच तुटलं तरी जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं, हे मला सगळ्यात आवडलं.

आणि इथेच मी माती खाल्ली. फोल्डर जोडताना तो आपोआप 'पाठवा आणि घ्या' असा दुतर्फा असतो. मी ते वाचलं, पण मनावर घेतलं नाही. फोन भरत आला तेव्हा जागा करायला दोन अल्बम फोनवरून उडवले. दुसऱ्या दिवशी संगणकावरूनही ते गायब! बिचाऱ्याने सांगितल्याबरहुकूम काम केलं होतं. जुन्या बाहेरच्या डिस्कवर प्रत होती म्हणून वाचले. आता संगणकाकडे 'फक्त पाठवा', फोनकडे 'फक्त घ्या', आणि वर फाइल व्हर्जनिंगमधली, म्हणजे जुन्या प्रती राखण्याच्या सोयीतली, कचरापेटीही चालू. तुम्ही करणार असाल तर आधी हे करा, मग बाकीचं.

जागेचा प्रश्न राहिलाच. फोनवर मोकळे २७ जीबी, आणि साठ्यातले २९ जीबी निव्वळ फ्लॅक, म्हणजे सीडीचा आवाज जसाच्या तसा ठेवणाऱ्या फायली. चालताना, गाड्यांच्या आवाजात, कानातल्या छोट्या इअरफोनवर मला तो फरक कळत नाही. ज्यांना कळतो त्यांनी पुढचं वाक्य सोडून द्यावं. एफएफएमपेग या फायलींचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रामने सगळ्या फ्लॅकच्या ओपस या आटोपशीर प्रकारात प्रती केल्या, १२८ केबीपीएसने, म्हणजे मिनिटाला साधारण १ एमबी. २९ जीबीचे सव्वापाच झाले. एफएफएमपेगला बटणं-बिटणं नाहीत, आज्ञा टाइप कराव्या लागतात. ते लेकीने करून दिलं, टोमणे मारत. एमपी३ना मात्र हात लावला नाही. एकदा पिळलेलं पुन्हा पिळलं की आवाज आणखी उतरतो. हा सगळा मिळून २२ जीबीचा 'फोनसाठी' असा वेगळा फोल्डर केला आणि तोच जोडला. मूळ साठा आता या भानगडीत नाहीच. रात्री फोन चार्जिंगला लावून ठेवला, सकाळी काम झालेलं होतं.

गाणी वाजवणाऱ्या व्हीएलसी अ‍ॅपमध्ये उघडून पाहिलं तर यादीत अर्धी प्रश्नचिन्हं. देवनागरीत लिहिलेली नावं! एमपी३मधला जुना आयडी३ टॅग, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेली गाण्याची माहिती, पहिल्या आवृत्तीत जेमतेम १२८ बाइटचा, त्यात गाण्याच्या नावाला ३०. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रासुद्धा वेगळा मोजून. म्हणजे दहा चिन्हांत नाव संपवा! तेही नंतरची गोष्ट, कारण मुळात तो टॅग लॅटिन लिपी धरूनच बेतलेला. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या टॅग दुरुस्त करणाऱ्या प्रोग्राममध्ये जुने टॅग काढले आणि दुसऱ्या आवृत्तीचे लिहिले. पिकार्ड आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखतो, पण माझ्या कॅसेटवाल्यांपुढे त्याने हात टेकले. ती नावं मी हाताने भरली, तीन संध्याकाळी. याच वेळी कळलं की अनेक गायकांचा एक अल्बम फोनवर बारा अल्बम होऊन का दिसत होता: 'अल्बम आर्टिस्ट'चा रकाना रिकामा. तो भरला की तुकडे जुळतात.

शेवटी प्लेलिस्ट. एम३यू फाइल म्हणजे साधा मजकूर. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली की ओळीला एक गाणं. पण प्रत्येक ओळीत संगणकाच्या डी ड्राइव्हपासूनचा अख्खा पत्ता, जो फोनला काय कळणार? सुरुवातीचा भाग उडवला, उलट्या तिरक्या रेघा सुलट्या केल्या, आणि हे विसरले होते, फ्लॅकच्या जागी ओपस केलं. यूटीएफ-८मध्ये जतन केली. दोन प्लेलिस्ट सुरळीत वाजतात. तिसरीतली नऊ गाणी अजून रुसलेली आहेत.  त्यांचं उद्या बघते.