भिंतीवरच्या रेघा

“बाई, तुम्ही सारख्या वाट बघण्याच्याच कविता का वाचता? जीव कातर होत नाही?” बेळगावात कवितेच्या बैठकीला बसलं की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

माझे वडील पलटणीत होते, घर खानापूरकडच्या खेड्यात. रजा संपवून ते गेले की आई चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढायची. त्यालाच लागून दुधाच्या रतिबाच्या रेघा. मला वाटायचं, सगळा दुधाचाच हिशेब.

कॉलेजात असताना ‘गाथासप्तशती’ हाती आली. सातवाहन राजा हालाच्या नावावरचा, आपल्या महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह. त्यातल्या एका गाथेत नवरा परगावी गेलेली बाई दिवस मोजते आहे. “आज गेला, आज गेला, आज गेला” म्हणत ती रेघ ओढते, आणि पहिला अर्धा दिवस सरायच्या आतच भिंत भरून जाते. ते वाचलं आणि आमची भिंत मला पहिल्यांदा कळली. त्या शनिवारी मी एसटीने घरी गेले, तर दिवाळीसाठी भिंत पांढरी करून झालेली.

तेव्हापासून मी या कविता शोधत राहिले. त्यांतली माणसं नुसती उसासत बसत नाहीत, जवळ जे असेल त्याला विचारतात. बाराव्या शतकातली कानडी संतकवयित्री अक्कमहादेवी चिवचिवणाऱ्या पोपटांना विचारते, “नीवु काणिरे, नीवु काणिरे?” तुम्ही पाहिलात का माझा चन्नमल्लिकार्जुन, म्हणजे तिचा शिव? हे वचन मला शेजारच्या काकूंनी कानडीतच शिकवलं, आणि ते मराठीत सांगताना माझी अजून अडचण होते. तेराव्या शतकात स्पेनच्या गॅलिसिया भागातल्या मार्तिन कोदाश या कवीच्या गाण्यातली मुलगी विगोच्या समुद्राच्या लाटांना आपल्या प्रियकराबद्दल तेच विचारते. त्या गाण्यांचं स्वरांसकटचं चर्मपत्र १९१४ साली मिळालं, प्राचीन रोमन लेखक सिसेरोच्या एका पुस्तकाला वेष्टन म्हणून घातलेलं! आणि त्याच तेराव्या शतकात आपले ज्ञानदेव कावळ्याला विचारतात. पाय सोन्याने मढवीन म्हणतात, दहीभाताची उंडी देऊ करतात. सोन्यापेक्षा मला ती उंडीच खरी वाटते, कारण ती घरात असते. आमची आई पोस्टमनला ताक द्यायची.

इंदिरा संतांपाशी मात्र मी थबकते. त्या आमच्या बेळगावच्या. १९४६ मध्ये त्यांचे पती नारायण संत गेले आणि १९५१ मध्ये ‘शेला’ हा कवितासंग्रह आला. तिथे रेघा ओढून उपयोग नाही, कारण मोजायला शेवटचा दिवसच नाही. तरी त्या कवितांतली बाई दिवा लावते, दाराकडे बघते. वडील गेल्यावर आईला बघितलं तेव्हा मला त्या कविता नीट वाचता आल्या. चार वाजले, सायकलची घंटा ऐकू आली, की ती आजही ओसरीवर येते.

मागच्या आषाढात मी तिला ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ पूर्ण वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

“मग आला का तो?”

“शकुन झालाय, आई. तेवढंच सांगितलंय.”

“बरं,” ती म्हणाली, आणि सूप जरा उजेडाकडे सरकवलं.