आठवी 'ब', एकच वर्ष

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असं पत्र आलं तेव्हा आधी वाटलं, पत्ता चुकला असणार. मी शाळेत होतो एकच वर्ष, १९७२-७३. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी दुष्काळानं विहिरी तळाला गेल्या, बाबा खडी फोडायच्या कामावर जाऊ लागले आणि आईनं मला शुक्रवार पेठेत मावशीकडे धाडलं. पुढच्या जूनमध्ये परत गेलो. दहावीच्या फोटोत मी नाही. तरीही जुन्या रजिस्टरातून कुणी माझं नाव शोधलं, त्यांना नमस्कार.

मावशीच्या वाड्यात नळ होता आणि शिवाय चौकात हौद, तोही काठोकाठ. मला ते पटेचना. इतिहासाच्या तासाला उभा राहिलो आणि विचारलं, "सर, हौदात पाणी कुठून यायलंय?" 'यायलंय' ऐकून अख्खा वर्ग खिदळला. सर हसले नाहीत. उत्तरही दिलं नाही. म्हणाले, "शनिवारी शाळा सुटल्यावर थांब. येताना तांब्या आण."

सरांचं नाव लिहीत नाही. त्या काळच्या मुलांना 'इतिहासाचे सर' म्हटलं की पुरे.

शनिवारी आम्ही सहा-सात जण निघालो. मंडईच्या अलीकडे एका बोळात सर थांबले. "ओत." मी भर रस्त्यात तांब्या रिता केला. पाणी जरा घुटमळलं, मग फरशीच्या कडेनं निघालं. "कुठं चाललं?" "तिकडं." "तिकडं म्हणजे?" आम्ही त्या ओघळामागे वाकून चालू लागलो. तेवढ्यात ओट्यावरच्या आजी कडाडल्या, "मास्तर, सडाच घालायचा तर शेण कालवून आणा!" सर म्हणाले, "आजी, पेशव्यांचं पाणी दाखवतोय पोरांना." "दाखवा की, पण माझ्या दारात चिखल नको!"

ओघळ नदीच्या दिशेनं जाऊन सुकला. मग सर बोलले. कात्रजचा तलाव उंचावर, शहर खाली. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, तिथून जमिनीखालून पक्क्या बांधणीचा नळ आणला. नळ कसला, माणूस आत चालेल असं भुयारच. पंप नाही, इंजिन नाही, नुसत्या उतारावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत यायचं आणि वाटेतले हौद भरायचे. आत हवा कोंडली की पाणी अडतं, म्हणून जागोजाग उच्छ्वास बांधलेले. तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पाणीसुद्धा श्वास टाकतं, याची मजा वाटली.

परतताना त्यांनी बुधवारातल्या बाहुलीच्या हौदाची गोष्ट रस्त्यात उभ्यानंच सांगितली. डॉ. विश्राम रामजी घोले, महात्मा फुल्यांचे सहकारी. त्यांची मुलगी काशी, लाडाचं नाव बाहुली. तिला शिकवायचा त्यांचा हट्ट. तो न रुचलेल्या नातलगांनी काचा कुटून घातलेला लाडू तिला दिला, अशी हकिगत सांगतात. तिच्या आठवणीसाठी वडिलांनी हौद बांधला आणि सर्व जातींना खुला ठेवला. आमच्या गावात त्या दुष्काळातही पाणवठे दोन होते. मी काही बोललो नाही, पण सर बोलायचे थांबून माझ्याकडे बघत राहिले.

पुढे मी पाणीपुरवठ्यातच इंजिनिअर झालो. ३१ वर्षं नोकरी, १४ गावांच्या नळयोजना. चढावर एअर व्हॉल्व्ह बसवताना हाताखालच्या पोरांना मी 'उच्छ्वास' म्हणायला लावायचो. ते पाठीमागे हसायचे. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोसाठी खणताना जुन्या नळाचं भुयार सापडल्याची बातमी वाचली आणि पहिल्यांदा सरांचीच आठवण झाली. ते जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. एक पत्र लिहायचं राहिलं ते राहिलंच.

आमंत्रण आल्यावर मागच्या महिन्यात मुद्दाम येऊन गेलो. मेट्रोनं मंडईला उतरलो. जमिनीच्या इतकं खाली, की सरकत्या जिन्यावर उभा असताना कात्रजचं पाणी डोक्यावरून जात असेल की पायाखालून, याचाच हिशेब करत होतो. मावशीचा वाडा गेला, तिथं आता पार्किंगवर सहा मजले आहेत. हौदाचं विचारलं तर वॉचमन म्हणाला, "हौद? टाकी गच्चीवर आहे."

बोळ मात्र सापडला. ओटा नाही, आजी तर नाहीतच. रस्ता काँक्रीटचा, जुन्या उंबऱ्यांच्याही वर चढलेला. पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि थोडं ओतलं. पाणी हललंच नाही. आणखी ओतलं. मग ते हळूहळू निघालं, पण मंडईकडे, उलटं.

स्कूटर लावणारा एक मुलगा म्हणाला, "काका, काय सांडताय?"

"उतार बघतोय."

त्यानं स्टँड लावला आणि माझ्याशेजारी येऊन वाकून बघू लागला.