‘लीकेज आढळले नाही’ या शेऱ्यावर अडलेलं आमचं छत

आमच्या सोसायटीच्या तक्रार फॉर्मवर एकच रकाना आहे: ‘लीकेज: आहे / नाही’. त्या एका शब्दापायी आमच्या बाथरूमच्या छताचं काम सात आठवडे अडून राहिलं.

वरच्या फ्लॅटच्या बाथरूमखालचं आमचं छत ओलं होतं. पोपडे सुटत होते, डागाच्या कडेने लोणा फुटला होता. पण थेंब पडत नव्हता. सोसायटीचा प्लंबर आला, वर दहा मिनिटं नळ सोडले, खालून टॉर्च मारून पाहिलं आणि ‘लीकेज आढळले नाही’ असं लिहून गेला. समितीने तक्रार बंद केली. पुन्हा अर्ज केला, पुन्हा तोच शेरा.

शेरा शब्दाला धरून बरोबर होता, म्हणून तो खोडताही येईना. लीकेज म्हणजे गळती: फुटका पाइप, सैल सांधा, तडा, अशा एका ठरावीक वाटेने पाणी वाहून येणं. सीपेज म्हणजे झिरप किंवा पाझर: काँक्रीट, वीट, कोबा यांच्या बारीक छिद्रांतून पाणी हळूहळू सरकत जाणं. पाझर तलावातला ‘पाझर’ हाच. धरणाच्या पोटातल्या तपासणीच्या बोगद्यात (गॅलरीत) सीपेज व्ही-नॉचवर, म्हणजे इंग्रजी V आकाराच्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्यावरून, नियमित मोजतात. थोडं पाणी झिरपणार हे तिथे धरलेलंच असतं. ते एकदम वाढलं किंवा गढूळ येऊ लागलं की काळजी. म्हणजे थेंब पडत नाही, यावरून झिरप नाही असं ठरत नाही.

दहा मिनिटांची तपासणी इथे निरुपयोगी का, ते समितीला मला शेवटी चित्र काढून दाखवावं लागलं. बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्याला संक म्हणतात. त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरून वर लादी बसवतात. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून निचरतं त्या जाळीखालच्या भांड्याचा, सांधा किंवा लादीच्या फटी उघडल्या की पाणी आधी त्या कोब्यात मुरतं. कोबा भरल्यावर ते स्लॅबमधून खाली येतं. त्यामुळे आज सोडलेलं पाणी आज खाली दिसत नाही, आणि वापर बंद केला तरी छत कित्येक दिवस ओलं राहतं.

तिसऱ्या अर्जात मी ‘लीकेज’ खोडून लिहिलं: ‘वरच्या बाथरूमच्या संकमधून स्लॅबवाटे सीपेज. 48 तासांची पाँडिंग टेस्ट (पाणी साठवून ठेवण्याची चाचणी) करावी.’ फाइल तेव्हा हलली. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमावलीत) पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चात, तर संडास, सिंक वगैरेंची अंतर्गत गळती संबंधित फ्लॅटधारकांच्या खर्चात धरली आहे. तिथे शब्द ‘गळती’ आहे, म्हणून ‘ही झिरप अंतर्गत गळतीचाच प्रकार आहे’ हे वाक्यही अर्जात घाला. मी ते आधीच घालायला हवं होतं.

टेस्टआधी पाण्याची लाइन वेगळी तपासून घ्या. तिच्यात कायम दाब असतो, त्यामुळे तिची ओल आंघोळीच्या वेळा पाहत नाही. वरच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनला दाब देणारा हातपंप आणि दाब दाखवणारं गेज लावायचं. काटा उतरला तर दोष लाइनमध्ये. आमचा काटा हलला नाही.

मग पाँडिंग. ट्रॅपच्या तोंडात रबरी बूच, किंवा पिशवीत गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवायचा. सुमारे 25 मिमी पाणी भरायचं, पण उंबऱ्याच्या खालीच ठेवायचं, नाहीतर ते खोलीत शिरेल. पातळीची खूण भिंतीवर पेन्सिलने करायची. खालच्या डागाची कडाही पेन्सिलने आखून शेजारी तारीख आणि वेळ लिहायची. थोडं पाणी वाफ होऊन जातं, पण पातळी ठळकपणे उतरली तर आधी बूच तपासा. रंग टाकायचा असेल तर टाका, मात्र खाली रंग आला नाही म्हणून वरचा फ्लॅट सुटत नाही; कोबा आणि काँक्रीट रंग अडवून ठेवतात. आमच्या डागाची कडा दुसऱ्या दिवशी रेघेबाहेर गेली. त्या पेन्सिलच्या रेघेपुढे कुणी वाद घातला नाही, आणि मला फार हायसं वाटलं.

वरचं काम दोन दिवसांचं: ट्रॅपभोवती खणून न आकसणारं ग्राउट, लादीच्या फटी खरवडून इपॉक्सी. ट्रॅपवर लादी बसवण्याआधी पाँडिंग पुन्हा करून घ्या.

एक राहिलंच. डाग दिसल्याबरोबर खालून वॉटरप्रूफ रंग देऊ नका. पाणी आत अडकतं, रंगाला फुगे येतात, सळया गंजत राहतात. दुरुस्तीनंतरही रंगाआधी छताला प्लास्टिकचा फूटभर चौकोन चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. आतल्या बाजूला दव दिसलं तर स्लॅब अजून ओला आहे. बाहेरच्या बाजूला दिसलं तर ती बाथरूमची वाफ. तिच्यासाठी एक्झॉस्ट पंखा लावा. आमच्या छतावरचं प्लास्टिक पाचव्या आठवड्यात कोरडं निघालं, तेव्हाच पुट्टीवाल्याला बोलावलं.